आधी वाफ

शिट्टी झालीच नव्हती. कुकर कालपासून ओट्याच्या कडेला पालथा होता. त्याचं वजन चमच्यांच्या डब्यात पडलं होतं, रबरी रिंग खिळ्याला लटकत होती, आणि हे सगळं तिला खुर्चीत बसल्या बसल्या दिसत होतं, तरी ती फोनमध्ये म्हणाली, "बाबा, शिट्टी होतेय. ठेवते हं." पलीकडे क्षणभर काहीच हललं नाही. मग बाबा म्हणाले, "वाजली?" ती म्हणाली, "हो, दुसरी." दुसरी म्हणायची काहीएक गरज नव्हती. "बरं, बरं. मग जा. आधी वाफ. एक विचारायचं होतं तुला, पण ते काय, उद्या." आणि फोन बंद झाला. बाबांचा फोन नेहमी असाच बंद व्हायचा, कामाची पाळी संपल्यावर दार ओढून घ्यावं तसा. तिनं पाय पुन्हा स्टुलावर घेतले आणि मांडीवर उपडं घातलेलं पुस्तक सुलटं केलं. अकरा पानं उरली होती. खिडकीतून येणारा उजेड अजून वाचण्याजोगा होता. समोरच्या घरातलं कुणीतरी गच्चीवरच्या चादरी झटकत होतं. तिनं अकराही पानं वाचली, घाई न करता. शेवट तिला आवडला. मग तिनं दोन अंडी उकडली, साध्या पातेल्यात, आणि पावाबरोबर खाल्ली.

पुढे तिनं त्या दिवसात कुठे काही वेगळं होतं का ते पुष्कळ चाचपून पाहिलं, प्रुफात चूक शोधावी तसं, बोट ठेवून, ओळीओळीनं. ती छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची. त्या दिवशी भूगोलाच्या एका पानावर दोन नद्यांची अदलाबदल झालेली तिनं पकडली होती आणि जुळणीवाल्यानं "बाई, तुम्ही नसता तर आज पूर आला असता" असा विनोद केला होता. दुपारी डोकं दुखलं नाही. चप्पल तुटली नाही. दिवस सगळा सरळ होता, आणि त्याच्या शेपटाला ती एक शिट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या शेजारच्या शिंपीणबाईंचा फोन आला. बाबांनी दार उघडलं नव्हतं म्हणून त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, कळलंसुद्धा नसेल. हे डॉक्टर सगळ्यांनाच म्हणत असावेत, असं तिला वाटलं, पण तिनं विचारलं नाही. जो तो येऊन तिलाच विचारत होता, "तुझं बोलणं झालं होतं ना?" आणि ती सांगत होती, "हो, आदल्या संध्याकाळीच. छान बोलले. नेहमीसारखे." पहिल्यांदा हे वाक्य बोलताना तिची जीभ अडखळली. तिसऱ्या दिवसापर्यंत ते इतकं गुळगुळीत झालं की त्यात चूक काढायला जागाच उरली नाही.

बाबा इस्पितळाच्या बॉयलरवर होते, एकतीस वर्षं. इमारतीच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याला लागून त्यांचं बॉयलरघर. तिथून निघणाऱ्या वाफेवर चादरी उकळायच्या, शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक व्हायची, रोग्यांची लापशी शिजायची. लहानपणी ती डबा घेऊन जायची तेव्हा आत पाऊल टाकल्याबरोबर केस मानेला चिकटायचे. बाबा स्क्रू ड्रायव्हरचं टोक एका नळाला टेकवून मूठ तिच्या कानाला लावायचे आणि म्हणायचे, "ऐक." तिला आत कुणीतरी झोपेत दात खात असल्यासारखं ऐकू यायचं. "पाणी आहे की नाही?" "आहे." "कशावरून?" ते तिला सांगता यायचं नाही. एवढ्या वर्षांच्या घरघराटानं बाबांचे कान माणसांच्या कामाचे राहिले नव्हते. आई स्वयंपाकघरातून चारदा हाका मारायची आणि पाचव्यांदा म्हणायची, "मी मेले तरी ह्यांना शेजारच्यांकडून कळेल." पण कुकरनं नुसता सुस्कारा टाकला की बाबा पेपरातून मान वर करत. त्यावर आई म्हणायची, "बघ, सवतीची हाक बरोबर ऐकू येते." आई असेपर्यंत त्यांना ओट्याजवळ फिरकायची सोय नव्हती. तुमचा बॉयलर तिकडे, माझा इकडे, असा कारभार.

आई गेली आणि चार महिने खानावळीचं जेवून झाल्यावर एका संध्याकाळी बाबांचा फोन आला, "मला कुकर शिकव." तिनं फोनवरूनच शिकवायला घेतला. पाणी इतकं, बटाटे इतके, झाकण असं, मग वजन ठेवायचं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. बाबा म्हणाले, "दाब किती?" "दाब नाही बाबा, शिट्ट्या." "शिट्टी हे काय माप झालं? शिट्टी म्हणजे ओरड. ओरडा मोजून काम करतात का कुणी?" पहिल्या दिवशी ते रिंग बसवायला विसरले आणि अर्धा तास वाफ कडेनं निघून गेली. दुसऱ्या दिवशी पाणी एवढं घातलं की भाताची पेज झाली. ती त्यांनी पेज म्हणूनच प्यायली आणि वर तिला कळवलं की प्रकृतीला बरी असते. आणि आठवडा उलटायच्या आत ती मसुराची गोष्ट झाली. बॉयलरवर पाळी सुरू झाली की पहिलं काम म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा ओढून पाहायचा. फुस्स करून उघडतो का, परत बसतो का. अडकलेला व्हॉल्व्ह म्हणजे मरणच. बाबांनी हाच नियम घरी लावला. कुकर ऐन दाबावर असताना त्यांनी सांडशीनं वजन उचललं. मसूर कारंज्यासारखा उडाला तो थेट छतावर. संध्याकाळी त्यांनी तिला हे वरिष्ठांना अहवाल द्यावा तसं सांगितलं, "छतापर्यंत गेलं. म्हणजे व्हॉल्व्ह चालू आहे." ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग रागावली, "चेहरा भाजला असता म्हणजे?" "चेहरा बाजूला ठेवूनच करतात गं. एकतीस वर्षं काय झोपा काढल्या?" छतावरचा तो डाग त्यांनी पुसला नाही.

वाफ चढलेली असताना जागा सोडायची नाही, हाही तिकडचाच कायदा. म्हणून बाबा कुकर लावला की ओट्यापाशी स्टूल घेऊन बसत, आणि नुसतं किती बसणार, म्हणून तिला फोन लावत. रोज साडेसहाला. पहिल्या दिवसांत तिला त्याचं कौतुक होतं. छापखान्यात ती सांगायची, आमच्या बाबांचा भात माझ्या कानात शिजतो. शिट्ट्या तिलाही ऐकू यायच्या. तिसरी झाली की बाबा वाक्य अर्धं टाकून "चल, आधी वाफ" म्हणत आणि फोन बंद होई. पण पुढे पुढे ते गॅस बंद केल्यावरही बोलत राहू लागले. तिनं शिकवलं होतं, वजन हलवून आवाज आला नाही की झाकण उघडा. त्यांना ते पटत नव्हतं. बॉयलर उघडायचा तर आख्खा दिवस थंड होऊ देतात, ह्या भांड्याला निदान हात लावून सोसवेल इतकं तरी थंड होऊ द्यायला नको? मग झाकणाला हात सोसवेपर्यंत बोलणं. कोपऱ्यावरच्या चांभारानं टाच कशी लावली. नळाच्या पाण्यात खार किती वाढलाय, भांड्याच्या बुडाशी कसा थर धरतो. आणि अर्धं बोलणं दोनदा, कारण तिचं उत्तर त्यांना ऐकू आलेलं नसायचं. "काय म्हणालीस?" "काही नाही बाबा, अच्छा म्हटलं." "हां. तर तो चांभार."

पहिली शिट्टी खरी होती. एकदा त्याच वेळी तिचाही कुकर लागला होता आणि बोलण्याच्या मध्येच तो वाजला. बाबा तत्क्षणी म्हणाले, "जा, जा, आधी वाफ," आणि फोन ठेवून मोकळे. ना रुसवा, ना "दोन मिनिटं थांब". ती हातातल्या बंद फोनकडे बघत उभी राहिली. कुणीतरी नकळत हातात किल्ली ठेवावी तसं झालं. नंतर एकदा घरी मैत्रीण आली होती, तेव्हा वापरली. एकदा डोकं दुखत होतं तेव्हा. मग काहीच दुखत नव्हतं तेव्हाही. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग तिनं मोजणं सोडलं. माणसांचं बोलणं ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांना न झालेली शिट्टी कशी कळणार, असा तिचा हिशेब होता. एवढ्या शिट्ट्यांची बाई आणि रात्रीच्या जेवणाला पाव, ह्याचं तिला कधीतरी हसूसुद्धा यायचं. खोटं म्हणावं इतकं ते मोठं नाही असं ती स्वतःला सांगायची. छपाईत अशा चुका असतात, वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत म्हणून सोडून द्यायच्या. शिवाय उद्या साडेसहा वाजणारच असत.

तिचा दादा तिसऱ्या दिवशी बाबांच्या घरी पोचला. तो रस्त्यांच्या मोजणीच्या कामावर असायचा, कायम कुठल्यातरी तंबूत, कुठल्यातरी टेकडीच्या पलीकडे. आल्या आल्या त्यानं बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "बावीस दिवस. मी मोजले. बावीस दिवस मी त्यांना फोन केला नव्हता." ती म्हणाली, "तिकडे फोन लागत नाहीत तुझे." "लागतात. टेकडीवर चढलं की लागतात. रोज म्हणायचो, उद्या चढू." मग त्यानं विचारलं, "शेवटचं काय बोलले तुझ्याशी?" तिनं ते गुळगुळीत वाक्य त्याच्यापुढे ठेवलं. दादानं ते दोन्ही हातांनी घेतलं. त्यानंतर येणाऱ्याजाणाऱ्याला तोच सांगू लागला, "नाही, एकटे नव्हते तसे. ही रोज बोलायची. आदल्या दिवशीसुद्धा छान बोलले." आणि दर वेळी तिच्याकडे अशा नजरेनं बघायचा की तिला उठून आत जावंसं वाटे. तिच्या त्या एका वाक्यावर तो जरासा टेकला होता, आणि त्याच वाक्यानं रोज थोडा थोडा खालीही जात होता. कारण बहीण जितकी चांगली ठरत होती तितका भाऊ वाईट ठरत होता, आणि ठरवणारा तोच होता. रात्री तो बाबांच्या खाटेवर न झोपता जमिनीवर झोपायचा. ती हे बघत होती. सांगावं, असं तिला वाटायचं. मग वाटायचं, सांगून कुणाचं भलं होणार आहे? त्याला निदान एक संध्याकाळ तरी मिळालीय, ती कशाला काढून घ्या? ह्या विचारात दादाची काळजी किती आणि स्वतःची अब्रू किती, हे तिला नीटसं वेगळं करता येत नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी फिटरकाका भेटायला आले. बाबांच्या जोडीला बॉयलरघरात वीस वर्षं काढलेले, आता हातात काठी, पण काठी टेकण्यापेक्षा बोट दाखवायलाच जास्त. दादा म्हणाला, "तू बस त्यांच्यापाशी, जेवणाचं मी बघतो. बटाटे उकडतो." आत भांडी वाजली, झाकण दोन-तीनदा आपटलं, मग दादा बाहेर येऊन बसला. काका बाबांची कुठलीशी जुनी गोष्ट सांगत होते, साहेबांच्या कोटाला वंगण कसं लागलं ती. ती ऐकत होती आणि नव्हती. मध्येच काका थांबले. काठी उचलून स्वयंपाकघराकडे दाखवली. "आत काय लावलंय?"

"कुकर. बटाटे," दादा म्हणाला.

"कधी?"

"झाली पंधरा मिनिटं."

"पाणी घातलंस?"

दादा धावत आत गेला. मागोमाग ती गेली, तिनं गॅस बंद केला. जळक्या बटाट्याचा वास आत्ता कुठे सुटत होता. काका दारापर्यंत आले होते आणि खुशीत होते. "मोजणी करतोस ना रे रस्त्यांची? पाणी मोजायला कोण, शेजारी?" दादा ओशाळून हसला. कितीतरी दिवसांनी तो हसला. म्हणाला, "पण काका, तुम्हाला बाहेर बसून कळलं कसं?"

"आवाज नव्हता ना. पंधरा मिनिटं झाली आणि साधा सुस्कारा नाही, म्हणजे कोरडं. कान असेच तयार होतात. जे आहे ते कुणालाही ऐकू येतं. जे नाही ते ऐकायला पगार मिळायचा आम्हाला." काकांनी छताकडे पाहिलं, डाग पाहिला, कशाचा ते विचारलं नाही, बहुधा माहीत होतं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "आणि तुझा बाप तर फोनवरून ओळखायचा. काय गं, तुझा कुकर कुठल्या कंपनीचा?"

"का हो काका?"

"नाही, बागेतल्या बाकावर आम्हा सगळ्यांना सांगायचा तो. म्हणायचा, आमच्या पोरीकडे असा कुकर आहे, आवाज न करता शिट्टी देतो. इस्पितळवाल्यांनी बॉयलरचा आवाज कमी करायला किती खटपटी केल्या, जमलं नाही, आणि पोरीनं घरच्या घरी जमवलं. आम्ही हसून हसून लोळायचो."

दादाही हसत होता. त्याला वाटलं, कंपनीचीच काहीतरी गंमत असणार. तिनं ओट्याची कड धरली. फरशी थंड होती, तळव्यांना ते एकदम जाणवलं. तिनं विचारलं, "कधीपासून सांगायचे?"

"झालं असेल वर्ष. मी म्हटलं त्याला, अरे मग विचार की पोरीला, उघड. तर म्हणाला, छे. व्हॉल्व्ह उडाला म्हणून बॉयलरवर रागावतात का? दाब झाला की तो उडायचाच. उडतो म्हणून तर बाकी सगळं जागेवर राहतं." काकांनी काठीनं पायाजवळची फरशी उगाच दोनदा ठोकली. "तो असला माणूस. दुसऱ्याच्या चुकीलासुद्धा यंत्रातली जागा शोधून द्यायचा."

काका गेले. दादा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला, आणि ती कुकरसमोर उभी राहिली. वर्षभर. म्हणजे दर वेळी. ती शिट्टी म्हणायची तेव्हा पलीकडे जी क्षणभराची शांतता यायची तिला ती बहिरेपण समजत आली होती, आणि तेवढ्यात बाबा ऐकत असायचे, तिच्या खोलीत काय काय वाजत नाहीये ते. ऐकून झाल्यावर म्हणायचे, जा. चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याचा विनोद केला आणि बाकावर चारचौघांत वाटून टाकला, म्हणजे एकट्याला उचलायला नको. त्यात पोरीचं कौतुकच होईल अशी काळजीही घेतली. आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा फोन केला. फोन लावताना हात थोडा थबकत असेल का? आज किती वेळ मिळेल, असं मनात येत असेल? तरी त्या संध्याकाळी विचारायचं ते सुरुवातीलाच विचारून टाकायचं त्यांना सुचलं नाही, चांभार आणि खार आधी आले, आणि मग वेळ संपली. काय विचारायचं होतं? रिंगचं माप असेल. छातीत दुखत होतं हे असेल. तू कधी येतेस, एवढंच असेल. ह्यातलं कुठलंही असलं तरी ते आता कुणाकडेच नव्हतं.

दादा परत आला. त्यानं नळाखाली कुकर धरला, झाकण काढलं. बुडाला बटाट्यांच्या काळ्या चकत्या चिकटल्या होत्या. तो चमच्यानं खरवडू लागला. "फिटरकाका मजेशीर आहेत," तो म्हणाला. "बाबा हसवायचे ना त्यांना? मला माहीतच नव्हतं. तुझ्याकडे केवढं आहे त्यांचं, आणि माझ्याकडे बघ. बावीस दिवस." खरवडता खरवडता तो थांबला. "खरं सांगू? रात्री झोप लागत नाही तेव्हा मी तेवढंच धरून ठेवतो. की त्या संध्याकाळी त्यांच्याशी कुणीतरी नीट बोललं. मी नाही, पण तू होतीस."

ती त्याच्या हातांकडे बघत होती. उन्हानं रापलेले, मोठे, बाबांसारखेच, आणि चमचा मात्र नवशिक्यासारखा धरलेला. आत्ता आपण बोललो नाही तर हे वाक्य आयुष्यभर असंच राहणार, हे तिला स्वच्छ दिसलं. दादा ते त्याच्या मुलांना सांगेल. म्हातारपणी ती स्वतःही त्यावर विश्वास ठेवेल. आणि ह्या घरात जमिनीवर झोपणारा एकटा तोच राहील.

"दादा, नीट नाही बोलले मी."

"म्हणजे?"

"माझ्याकडे कुकर लावलेलाच नव्हता. काका म्हणाले ना, आवाज न करता शिट्टी देतो, ते हे. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, आणि मी म्हटलं शिट्टी होतेय. त्या दिवशीच नाही. वर्षभर, जेव्हा वाटेल तेव्हा. त्यांना कळत होतं."

दादानं नळ बंद केला. मग त्यानं, तो लहानपणी तिची चूक आपल्या अंगावर घ्यायचा तशाच आवाजात, म्हटलं, "अगं, होतं असं. कामात असतेस तू. दमून येतेस."

"कामात नव्हते," ती म्हणाली. "दमलेही नव्हते. खुर्चीत बसून पुस्तक वाचत होते. मला बाबांचा कंटाळा आला होता."